नजरेत भरणारं कापड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लक्ष्मी रोडवर किंवा रविवार पेठेत कापडगंजात मी गेले, की ओळखीचे दुकानदार मी काही बोलायच्या आत नोकराला सांगतात, "बाईंना ताग्याचं टोक बाहेर नेऊ दे रे." त्यांना आता सवय झाली आहे. दुकानातल्या दिव्यांखाली मी कापड पसंत करत नाही. ताग्याचं टोक धरून मी उंबऱ्याबाहेर जाते, आधी उन्हात बघते, मग सावलीत बघते, मग मुठीत घट्ट चुरगाळून सोडते. आणि शेवटी त्या नोकराच्याच खांद्यावर ते टाकून त्याला म्हणते, "जा, त्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहा." तो बिचारा लाजतो. येणारे-जाणारे हसतात. पण मला ते कापड लांबून बघायचं असतं. मी शिवलेला कपडा अंगात घालणारा स्टेजवर असतो आणि बघणारा पंधराव्या रांगेत. हातात घेऊन कापड बघणारं तिथं कुणीच नसतं.

मी शनिवार पेठेत राहते. १९७९ साली लग्न होऊन इथं आले. एका अंगाला शनिवारवाडा, दुसऱ्या अंगाला ओंकारेश्वर आणि नदी. सासूबाईंचं पायमशीन होतं, त्यावर आधी परकर-पोलकी शिवत असे. मग एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी चार मावळ्यांचे अंगरखे शिवून दिले, आणि ते काम जे माझ्या मागं लागलं ते आजतागायत. गणेशोत्सवातले जिवंत देखावे, हौशी संस्थांची नाटकं, शिवजयंतीच्या मिरवणुका, पोरांच्या वेशभूषा स्पर्धा. मला कुणी वेशभूषाकार म्हटलं की अवघडल्यासारखं होतं. मी शिवणारी बाई आहे. पण कापड मात्र मी स्वतः निवडते, ते कुणावर सोपवत नाही.

येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं. "काकू, उठावदार झालं पाहिजे हं!" आणि उठावदार म्हणजे काय, तर चमकणारं. बरोबरच्या पिशवीतून मग बाहेर येतं ते सोनेरी ब्रोकेड. सोफ्याला लावावं असं जाड, ताठ, आणि त्यावर हाताच्या पंजाएवढी फुलं. "हे पेशव्यांसाठी," असं म्हणून आई ते माझ्यापुढं ठेवते, आणि पेशवे साडेतीन फुटांचे, नाक ओढत तिच्या मागं उभे असतात.

मी त्यांना हसत नाही, कारण मीही तेच केलेलं आहे. १९८६ सालची गोष्ट. एका हौशी संस्थेचं पेशवाईवरचं नाटक राज्य नाट्यस्पर्धेत उतरायचं होतं. माझं पहिलंच मोठं काम. राघोबादादांसाठी मी पिवळंधमक साटीन आणलं, त्याला चार बोटं रुंद सोनेरी पट्टी लावली. दुकानात ते असं काही झळाळत होतं की माझे डोळे दिपले. प्रयोगाला मी मुद्दाम मागं जाऊन बसले, आपलं कौतुक ऐकायला. पडदा उघडला, दादा प्रकाशात आले आणि माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "गादीला अभ्रा छान घातलाय." दादांचा चेहरा दिसतच नव्हता. सगळा उजेड त्या साटीनवरून परत येत होता, आणि त्यातही दादांच्या पोटावरून. ते जीव तोडून बोलत होते आणि प्रेक्षागृह त्यांच्या पोटाकडं बघत होतं.

असं का होतं ते नंतर हळूहळू कळलं. साटीनच्या विणीत धागे लांब लांब मोकळे सुटलेले असतात, त्यामुळं अंग आरशासारखं गुळगुळीत होतं आणि पडलेला उजेड एकदम, एकाच दिशेनं फेकलं जातं. हातमागाच्या रेशमात धागा कुठं जाड, कुठं बारीक. उजेड तिथं अडखळतो, विखुरतो. म्हणून ते कापड भपकन पेटत नाही, आतून उजळल्यासारखं दिसतं. शिवाय पेशव्यांच्या वाड्यात हजार वॅटचे दिवे नव्हते. समया होत्या, झुंबरं होती, पलिते होते. पिवळा, हलणारा, मऊ उजेड. त्या उजेडात जर सतत चमकत नसे, माणूस हलला की लकाकत असे आणि पुन्हा विझत असे. तीच जर आपण आजच्या झगझगीत दिव्याखाली तेवढीच वापरली तर ती काही क्षणभरही विझत नाही. म्हणून मी पहिला नियम केला, की जुन्या चित्रात जेवढी जर दिसते त्याच्या निम्मी घ्यायची. ती निम्मीसुद्धा पुष्कळ होते.

आता चित्राचा विषय निघालाच आहे तर सांगते. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या आश्रयानं जेम्स वेल्स नावाचा चित्रकार १७९२ साली पुण्यात आला. त्यानं इथल्या माणसांना समोर बसवून चित्रं काढली. पेशवे, नाना फडणीस, महादजी शिंदे. वेल्स १७९५ साली वारला, पण त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलनं पेशव्यांच्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र १८०५ साली पुरं केलं. १७९० सालच्या तहाचा तो प्रसंग. या चित्राची प्रत कुठल्या ना कुठल्या पुस्तकात तुम्ही पाहिली असेल. नसेल तर जरूर बघा, आणि मी सांगते तसं बघा. तोंडं बघू नका, कपडे बघा.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा पहिला विचार आला, अरे, इतके पांढरे? दरबार भरलेला, खांबांची कोरीव रांग, आणि बसलेल्या माणसांत पांढऱ्या मलमलीच्या जाम्यांचीच गर्दी. रंग आहे तो पागोट्यांत, शालीत, शेल्यात. वेल्सनं काढलेले महादजीसुद्धा साध्या पांढऱ्या कपड्यात बसलेले आहेत. ज्या माणसानं दिल्लीच्या बादशहाला आपल्या शब्दावर चालवलं, त्याला ब्रोकेडची गरज वाटली नाही.

त्या दिवसापासून माझं शिवणंच बदललं म्हणाना. नजर खेचायला सगळं अंग चमकायला लागत नाही. पांढऱ्या पसाऱ्यात एकच डाळिंबी पागोटं असलं की पंधराव्या रांगेतला माणूस बरोबर तिथंच बघतो. गिऱ्हाइकाला हे पटवणं मात्र कठीण. "पांढरं? मग लोकांना कळणार कसं पेशवे आहेत ते?" असं मला एका मंडळाच्या कार्यकर्त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, "बाकीच्या चौघांनाही पांढरंच देते, पण यांचं कापड वेगळं देते." ते वेगळं कापड म्हणजे बारीक सुताची, अंगाला न चिकटणारी मलमल. खाली आठ-नऊ मीटरचा घेर, कळ्या घालून. चालताना तो घेर असा काही उसळतो की पहिला कोण आणि दुसरा कोण हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना मांजरपाट. एकच रंग, पण कापडाच्या चालीवरून हुद्दा कळतो. देखावा झाला, आणि तो कार्यकर्ता पुढच्या वर्षी आपणहून म्हणाला, "काकू, तेच ते पळणारं कापड."

पांढऱ्याची निवड ही सगळ्यांत अवघड, हे कुणाला खरं वाटत नाही. २०२५ साली अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला ३०० वर्षं झाली. त्या वर्षी माझ्याकडं अहिल्यादेवींचे इतके पोशाख आले की मी मोजणं सोडलं. बहुतेक आया पांढरं पॉलिएस्टर क्रेप घेऊन येत. आता होतं काय, गिरणीच्या पांढऱ्या कापडाला जी झळाळी आणतात त्या रसायनामुळं ते कापड काही दिव्यांखाली निळसर पेटतं. घरी पांढरंशुभ्र दिसतं, स्टेजवर गेलं की ट्यूबलाइट चालत आल्यासारखी दिसते. मुलीचा चेहरा काळवंडतो आणि पदर लखलखतो. यावर माझा उपाय अगदी स्वयंपाकघरातला आहे. सुती कापड घ्यायचं आणि चहाच्या फिकट, गाळलेल्या पाण्यात बुडवून काढायचं. हाताला ओलं असताना घाबरायला होतं, पण वाळलं की ते पांढरंच दिसतं, फक्त त्यातला निळा डोळा मिटतो. पॉलिएस्टरला मात्र चहा चढत नाही. एकीनं तरी प्रयत्न केला, तिच्या बादलीचा रंग बदलला, कापडाचा नाही. जमलं तर महेश्वरी घ्यावी. महेश्वरला विणकर वसवले ते अहिल्यादेवींनीच, तेव्हा त्यांच्या अंगावर ते शोभतंच. पण ती शाळेच्या पाच मिनिटांच्या भाषणासाठी परवडत नाही हेही मला कळतं.

'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. भारतातून ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या. हा चित्रपट मी दोनदा केवळ कापडासाठी बघितला. त्यात डोळ्यांपुढं राहतं ते काय? तर खादी. तिचे नाना पोत, आणि पांढऱ्यातले नाना पांढरे. ब्रोकेडची पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला मी हे सांगते. ती मान डोलावते, आणि पिशवी काही परत नेत नाही.

रंगाचंही सांगायला हवं, कारण तिथंही घोटाळा आहे. विल्यम पर्किन नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं १८५६ साली लंडनमध्ये क्विनीन करता करता चुकून जांभळा रंग केला, आणि तिथून रासायनिक रंगांची सुरुवात झाली. त्याच्या आधीचा जो काळ तुम्ही स्टेजवर आणणार, त्यातला प्रत्येक रंग झाडाचा, मुळाचा, सालीचा नाहीतर किड्याचा. मंजिष्ठाचा तांबडा, लाखेचा किरमिजी, हळदीचा आणि डाळिंबसालीचा पिवळा, निळीचा निळा, आणि नीळ-हळदीचा मिळून हिरवा. म्हणजे तेव्हाचे लोक मातकट रंगात वावरत होते असं मात्र समजू नका. अलीकडं इतिहास दाखवायचा म्हणजे सगळं राखाडी-तपकिरी करायचं अशीही एक टूम निघाली आहे, तीही मला पटत नाही. कुसुंब्याचा गुलाबी असा काही गोड निघायचा की बघत राहावं. फक्त तो टिकत नसे, उन्हानं उडायचा. म्हणून तो ज्याच्या अंगावर ताजा, त्याच्याकडं बघणारे बघत. गुलबाक्षी, अबोली, मोतिया, अंजिरी, डाळिंबी, आनंदी ही नावं तरी बघा. फुलावरून, फळावरून ठेवलेली. दुकानात मी "अंजिरी दाखवा" म्हणते आणि नवीन पोरगा विचारतो, "मॅडम, वाइन का?" काय करणार, दाखव बाबा वाइन.

टाळायचा रंग म्हटला तर एकच, तो अंधारातही दिसणारा पोपटी. त्याला जुनं नाव नाही, कारण तो जुना नाही.

मला विचाराल तर रंगात सगळ्यांत नजरेत भरतं ते धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. हिरव्यात लाल, जांभळ्यात निळा. हात वर केला की एक रंग, खाली आणला की दुसरा. त्यात जरीचा एक धागाही नसला तरी चालतो. इरकली साड्यांत हा खेळ असतो, खणातही असतो. खण हे तर गरिबाचं किनखाप. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे त्याचं गाव, पन्हा अरुंद, चोळीपुरता. जिजाऊंच्या दासीपासून पाटलिणीपर्यंत कुणालाही खणाची चोळी द्या, ते माणूस लगेच खरं वाटायला लागतं. मात्र गेल्या काही वर्षांत खणाची जी लाट आली, पर्सा झाल्या, दिव्यांच्या शेड झाल्या, तोपर्यंत ठीक होतं. पण परवा एका मिरवणुकीत बघितलं, तर अख्खं मावळ्यांचं पथक खणाच्या अंगरख्यात. दिसत होतं झोकात, नाही म्हणत नाही. पण तानाजींच्या मावळ्यांना चोळीचं कापड घालून गडावर चढवायचं? माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी तिथंच थांबवून विचारलं असतं.

मखमलीबद्दल फार सांगत नाही, कारण छत्रपतींच्या पोशाखाला मखमल नको म्हटलं तर गिऱ्हाईक उठून जातं. घ्याच, पण दोन गोष्टी सांभाळा. मखमल उजेड पिऊन टाकते. मरून रंगाची घेतली तर मागून ती काळी दिसते, म्हणून दुकानात वाटतो त्यापेक्षा एक छटा उजळ घ्या. आणि मखमलीला वळ असतो. हात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. सगळे भाग एकाच वळानं बेतायचे. मी एकदा कापड वाचवायला एक बाही उलट बेतली होती. प्रयोगात त्या सरदाराचा डावा हात दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यासारखा दिसत होता. अर्धा मीटर मखमलीचे पैसे वाचले आणि चार महिने मी त्या मंडळींना तोंड दाखवलं नाही.

जर ओळखायची साधी युक्ती सांगते. काठातला एक धागा सोडवून घ्या आणि नखानं वरची पट्टी उलगडा. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, तिला सोन्याचा मुलामा. दुसरी असते तांब्याची. तिसरी निव्वळ प्लॅस्टिकची चमकी, ती नखाला चपटी लागते आणि दिव्यावर धरली की आकसून गोळी होते. रेशीम जाळलं तर केस जळल्यासारखा वास येतो, सुताला कागदासारखा. हे दुकानात करू नका, घरी येऊन करा. स्टेजसाठी तांब्याची जर उत्तम. खऱ्या जरीची गरजच नसते. हे वाक्य मी फार महाग शिकले आहे, तेच आता सांगते.

खऱ्या कापडाचा मोह आपल्या रंगभूमीला जुना. बालगंधर्वांनी भरजरी शालू, पैठण्या नेसून मराठी माणसाला वेड लावलं, आणि गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला तोही त्या थाटापायीच. उलट १६ डिसेंबर १९७२ रोजी आमच्या शेजारच्या सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. त्यानं अख्खी पेशवाई उभी केली, ती माणसांच्याच रांगेचा पडदा करून. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. तरी १९९१ साली मोह झाला.

एका नाटकात आनंदीबाई होत्या. मला हवा होता तसा जुना, जडशीळ, मंद झळकणारा किरमिजी बाजारात कुठंच मिळेना. दहा दुकानं हिंडून घरी आले आणि सासूबाईंशी बोलता बोलता म्हणाले, की तुमच्या लग्नातल्या शालूसारखा हवाय. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि शालू माझ्यापुढं ठेवला. "घे. मी आता कुठं नेसणार आहे?" मी एकदाही नको म्हटलं नाही. आज ते आठवलं की वाटतं, निदान एकदा तरी म्हणायला हवं होतं.

नाटकातल्या बाईंना पटकन कपडे बदलायचे होते, म्हणून नेसायला देण्याऐवजी मी तो कापून शिवला. वर त्यातूनच चोळी काढली, आणि उरलेल्या तुकड्याची झूल करून मंचकावर टाकली. पहिल्या प्रयोगाला लोक म्हणाले, "वा, काय कापड!" दुसऱ्या प्रयोगात बाई खाली बसल्या आणि घडीच्या रेषेवर रेशीम टरकन विरलं. जुनं रेशीम घडीवरच आधी जातं, जरीचा धागा त्याला आतून कापत असतो. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तिसऱ्या प्रयोगापर्यंत घामानं काखेतली जर काळी पडली. चौथा प्रयोग झालाच नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की पदराचा तुकडा उरला असेल तर दे, पोथीला बांधायला होईल. मी दिला. त्या गेल्यावर वन्सं राहायला आल्या होत्या. देवाजवळची ती पोथी त्यांनी हातात घेतली, तुकडा उलटसुलट करून बघितला. एका टोकाला त्यावर फिकट तपकिरी डाग होता. मला तो नेहमी तेलाचा वाटायचा. वन्सं म्हणाल्या, "पुराचा आहे गं हा."

पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. आमच्या भागातले नदीकाठचे वाडे पाण्यात गेले. लोक नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले होते. सासूबाईंनी एका कडेवर धाकट्या वन्संना घेतलं होतं आणि डोक्यावर एक बोचकं. त्यात पोरांचे दोन-दोन कपडे आणि हा शालू. बाकी सगळं वाहून गेलं. भांडी, धान्य, पहिलं शिवणयंत्र. पुढं पैशांची इतकी ओढ होती की जुन्या जरीचे कपडे विकत घेणारे दारावर आले, तरी त्यांनी हा दिला नाही. असे लोक कपडे जाळून त्यातली चांदी काढून घेतात. त्यांच्यापासून वाचवलेलं मी कातरीनं संपवलं, तीन प्रयोगांसाठी.

तेव्हापासून माझ्या मशीनवर जुनं लुगडं कापलं जात नाही. आणि आजकाल तशी गिऱ्हाइकं रोज येतात, कारण शिवलेल्या नऊवारीची पद्धत पडली आहे. विजारीसारखी पायात घालायची की झालं. नवीन साडीची मी आनंदानं शिवून देते. त्यात वाईट काही नाही, नेसायला वेळ नसतो, येत नाही, मान्य आहे. पण आजीची नऊवारी घेऊन आलं कुणी, तर मी कातर बाजूला ठेवते.

मागच्या पाडव्याच्या आधी आठवड्यात कोथरूडहून एक मुलगी आली. शोभायात्रेत स्कूटर चालवायची होती. पिशवीत आजीची अंजिरी पैठणी, नऊवारी, मोरबांगडीचा पदर. दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखा, उलटी-सुलटी ओळखू न येणारा. "काकू, हिची शिवून द्या ना, परवापर्यंत." मी ती पलंगावर पसरली, खिडकी उघडली आणि एकेक घडी उजेडासमोर धरून बघितली. घडीतून बारीक उजेड आरपार दिसायला लागला, तर ते रेशीम नेसायच्याही उपयोगाचं राहिलेलं नसतं. ही धड होती. कुणीतरी वर्षावर्षाला घडी मोडून नव्यानं घातलेली असणार. विचारलं, तर आजी दर दसऱ्याला घालायची म्हणे.

मी म्हटलं, "मला पंधरा मिनिटं दे. नाही जमलं तर शिवायचं बघू." तिनं आधीच पिनांची डबी काढून ठेवली होती. कमरेला गाठ, निऱ्या, ओचा, मग काष्टा मागं घेऊन घट्ट खोचला. बायका याच लुगड्यावर घोड्यावर बसत होत्या, स्कूटरचं काय घेऊन बसलीस, असंही सुनावून घेतलं. तिला घरभर चालायला लावलं, मांडी घालून बसवलं, जिन्यावरून खाली-वर धाडलं. मग चौकात स्कूटरवर बसून बघ म्हटलं. मी वरून गॅलरीतून बघत होते. ऊन तिरपं होतं, तिनं पाय टाकला आणि काठ एकदाच लकाकून गेला. समोरच्या घरातल्या बाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या होत्या.

पुन्हा वर येऊन तिनं तीनदा स्वतः नेसून दाखवली. तिसऱ्या वेळी जमली. "तुमचे किती द्यायचे काकू?" म्हणाली. शिलाईच नाही तर घेणार कशाचे? गडबडीत पिनांची डबी मात्र इथंच विसरून गेली. फोन केला तर म्हणते, राहू दे काकू, येईन कधीतरी तेव्हा नेईन. अजून आलेली नाही.